पाहुण्यांच्या रकान्यातली माणसं

शमीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याजवळ रस्त्याच्या कामावर होते. रोलर चालू होता, त्यामुळं तिच्या धाकट्या भावाचा, इकबालचा आवाज नीट ऐकू येईना. लांब जाऊन मीच पुन्हा फोन लावला. ‘वंदनाताई, आपा गेली,’ एवढंच तो म्हणाला. ती आजारी होती हे ठाऊक होतं. येत्या रविवारी मी सांगलीला जायचं आमचं ठरलंही होतं. भडंग आणि बारीक चिरलेला कांदा घेऊन बसायचं, आजाराचं नाव काढायचं नाही, अशी तिची अट होती. रविवारी मी गेले... तिच्या घरी माणसं होती, ती नव्हती.

इंजिनीअरिंगला आम्ही एका बाकावर बसायचो. ती माधवनगरची, वडिलांचे चार यंत्रमाग. मी कडेगावची, उसाच्या घरातली. पुढं मी रस्त्यांच्या कामात गेले आणि तिनं पाणी धरलं. पर्यावरण जपणाऱ्या, ‘हिरव्या’ इमारतींचं प्रमाणपत्र मिळवू पाहणाऱ्यांना पाण्याचा हिशेब करून देणं हा तिचा व्यवसाय. लग्नाच्या हॉलवर गेलं तरी आधी मागं जाऊन संडास किती, नळ किती ते पाहून यायची. मी ओशाळायचे. ती म्हणायची, ‘अगं, जेवण सगळेच बघतात.’

तिचा हिशेब तिनं मला एकदा सोप्या शब्दांत सांगितला होता. इमारत किती पाणी वाचवते हे काढायचं तर आधी तिथं माणसं किती हे ठरवावं लागतं. पूर्ण वेळ काम करणारा एक धरायचा, अर्धा दिवस येणारा अर्धा, आणि येऊन-जाऊन असणाऱ्यांना पाहुण्यांच्या रकान्यात टाकायचं. पाहुणा एकदा संडासला जाणार, हात धुणार आणि निघणार, असं गृहीत धरतात. नळ, टाक्या, सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र, सगळं या माणसांच्या आकड्यावर उभं राहतं. ‘माणूस चुकला की पाणी चुकलं,’ असं ती म्हणायची.

सांगलीतल्या एका ट्रस्टच्या नव्या दवाखान्याचं काम तिच्याकडं आलं तेव्हा ती फार खूश होती. माणसं मोजायला म्हणून ती ट्रस्टच्या जुन्या दवाखान्यात जाऊन बसायची. एका रविवारी मीही सोबत गेले. जिन्याखाली, व्हरांड्यात, झाडाच्या पारावर रुग्णांचे नातेवाईक पथाऱ्या टाकून होते. एका बाईंना शमीमनं विचारलं, ‘मावशी, आंघोळ कुठं करता?’ बाई हसल्या. ‘कुठली आंघूळ गं पोरी? चार दिस झालं अंगाला पाणी न्हाई. गावाकडं टँकर असला तरी तांब्याभर मिळतं. हितं कुणाला मागायचं?’ शमीम तिथंच त्यांच्या पथारीवर बसली. घरच्यांची चौकशी झाली, पोरांची नावं विचारून झाली. येताना गाडीत ती वहीत माणसांचा आकडा नव्यानं मांडत होती.

तिनं या सगळ्या माणसांना दवाखान्यात राहणारी माणसं म्हणून धरलं. त्यांची आंघोळ धरली, कपडे धरले. तसं धरल्यावर शुद्ध केलेलं पाणी पुरेना, गुण कमी झाले आणि प्रमाणपत्राची पायरी खाली आली. ट्रस्टचे अध्यक्ष स्वतः डॉक्टर, भला माणूस. पण ती पायरी त्यांना हवी होती. ‘बाई, नातेवाईक म्हणजे पाहुणेच की. त्यांच्यासाठी रकाना आहे ना?’ ते म्हणाले. शमीम म्हणाली, ‘पाहुणे जेवून जातात, डॉक्टर. ही माणसं राहतात.’ बैठकीत कुणीतरी हसलं. तिनं कागद गोळा केले आणि काम सोडलं. दुसऱ्या सल्लागारानं नातेवाइकांना पाहुण्यांत धरून हिशेब पुरा करून दिला. दवाखाना उभा राहिला, दारात प्रमाणपत्राची पाटी लागली.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या कवठे महांकाळच्या मावशीचा फोन आला. मावशीचे यजमान तिथंच दाखल होते. ‘शमू, तुज्या दवाखान्यात दुपारनंतर नळाला पाणी न्हाई गं. नमाजाआधी वजू बी आमी बाटलीतल्या पाण्यानं करतोय.’ नात्यात सगळ्यांना तो दवाखाना शमीमनं केलेलाच वाटत होता. मला हे सांगून ती म्हणाली, ‘मावशीला कसं सांगू वंदू, तो माझा नाही म्हणून? मी निघून यायला नको होतं. आत राहिले असते तर रोज भांडता आलं असतं. आकडा खरा ठेवला मी... आणि माणसं तशीच सोडून आले.’

तोवर तिचे उपचार सुरू झाले होते. तरी ती डोक्याला ओढणी गुंडाळून डॉक्टरांकडं गेली. त्यांनी वाद घातला नाही. ‘तुम्ही म्हणत होता ते खरं होतं, बाई. आता काय करायचं ते सांगा.’ मग दवाखान्याच्या मागच्या बाजूला दुसरी टाकी, नातेवाइकांसाठी न्हाणीघरं, कपडे धुवायला ओटा, असं तिनं मांडून दिलं. बरं वाटेल त्या दिवशी इकबाल तिला तिथं नेऊन खुर्चीवर बसवायचा. पाइप टाकायला सुरुवात झाली आणि ती स्वतःच अंथरुणाला खिळली. पाणी सोडलेलं तिनं पाहिलं नाही. हे मला अजून सोसत नाही.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी एकटीच तिथं गेले. नवा ओटा ओला होता. एक बाई चादर पिळत होती, दुसरी पोराचं डोकं नळाखाली धरून घासत होती, पलीकडच्या तारेवर लुगडी, टॉवेल, एक लष्करी बनियन वाळत होतं. शमीमचं नाव कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि कुणाला ठाऊक असायचंही कारण नव्हतं. मी नुसतीच उभी राहिलेली बघून चादर पिळणारी बाई बाजूला सरकली. मीही कुणाच्या तरी सोबत आले आहे, असं तिला वाटलं असावं.

‘या की बाई, तोंड धुवून घ्या,’ ती म्हणाली, ‘हितं पाणी हाय.’