शुद्ध केलेली पानं

बाईंची पानं मी खराब केली. त्यांना ओल लागली नव्हती, शाईही कच्ची नव्हती. मी माझ्या हातानं ती खराब केली आणि वर बाईंनाच सांगितलं, की तुमची शाई कच्ची निघाली. हे आधीच लिहून टाकतो. पुढचं लिहिताना मी पुन्हा स्वतःला वाचवायला बघेन, हे मला माहीत आहे.

आमचं गाव पालमपासून जवळ. गावात मठ आहे आणि मठाच्या मूळ महाराजांनी रचलेली ओव्यांची पोथी आहे. मी परभणीत कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, म्हणून गावानं मला मठाच्या समितीचा सचिव केलं. नव्या सभामंडपाचं काम संपत आलं तेव्हा पोथीतल्या निवडक ओव्यांचं मोठं पुस्तक काढायचं ठरलं. कल्पना माझी होती. नुसती छापील अक्षरं नकोत, चांगल्या अक्षराच्या माणसांकडून एकेक ओवी चितारून घ्यायची. ओवीत पाणी असेल तर अक्षरं पाण्यासारखी वाहावीत, पेरणी असेल तर ती तिफणीतून पडल्यासारखी दिसावीत. समितीला त्यातलं "रंगीत निघणार" एवढंच कळलं, पण तेवढ्यावर सगळे खूश झाले.

तीन जणांना काम दिलं. एक ताडकळसचा पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. दुसरा पालमचा तरुण, तो संगणकावर लग्नपत्रिका करतो. तिसऱ्या परभणीतल्या एका मुलींच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षिका. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात.

बाईंच्या घरी मी गेलो तेव्हा त्यांच्या व्हरांड्यात कपडे वाळत घालायच्या तारेवर चिमट्यांनी कागद लावलेले होते. मी नेलेले ओव्यांचे कागद वाचून त्या म्हणाल्या, "सर, ओवी पाठ झाल्याशिवाय मी बोरू उचलत नाही. घाई असेल तर दुसरं माणूस बघा. मी आपली ओवी म्हणत घरभर फिरते. आमचे हे म्हणतात, ही आता संन्यास घेतीय बघा, मला स्वयंपाक शिकावा लागतोय."

काजळी आणि बाभळीचा डिंक घोटून शाईही त्या घरीच करायच्या. सव्वा महिन्यानं पानं हातात देताना त्यांनी बजावलं, "हिला थेंब लागू द्यायचा नाही. डिंकाची शाई आहे, वर्षानंही ओला हात लागला तर पसरते. तुमच्या पोथीची शाई अशीच असणार."

मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "बाई, पोथीला आम्ही ओलं लावतच नाही."

ते खरंही होतं. आमच्याकडे पोथीची पूजा कोरडी असते. अक्षता, फूल, बुक्का. गंधसुद्धा पोथीला नाही, ज्या पाटावर ती ठेवतात त्या पाटाला लावायचं. का, ते लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं, पण ओल्या हातानं पोथीकडं गेलं की थोबाडीत बसायची.

बाईंची पानं बघून मी एसटीत बसल्या बसल्या दोनदा पाकीट उघडलं. पेरणीच्या ओवीत अक्षरं सरीनं चालली होती आणि शेवटच्या ओळीत त्यांना बारीक मोड फुटले होते. विहिरीच्या ओवीत शब्द एकाखाली एक उतरत जाऊन तळाशी एकच काळंभोर अक्षर थांबलं होतं. पोथी मी जन्मापासून ऐकत आलो, पण त्या ओव्या मला त्या दिवशी दिसल्या.

समितीची बैठक सभामंडपात झाली. पानं सतरंजीवर मांडली. अध्यक्ष म्हणाले, "झ्याक! लय झ्याक! सर, तुमी मानसं बरी हुडकली."

मठाची पूजा करणारे महाराज वाकून बाईंच्या पानांपाशी थांबले. "ही कुनी काढली?"

"परभणीच्या बाई आहेत. शिक्षिका."

"बाई?" महाराज सरळ झाले. "मंग सोवळ्याचं कसं? पोथी उतरवायची म्हंजी आंघुळ करून बसावं लागतंय. बाईमानसाला तर आनि चार दिस असत्यात."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. "इचारा की सर, फोन लावून. तुमची वळख हाय."

ताडकळसच्या पेंटरच्या पानाच्या कोपऱ्यावर गुटख्याचं तपकिरी बोट उमटलेलं होतं आणि त्या कागदाला दारूचा वास येत होता. पान उचलताना मलाच तो आला होता. त्यानं आंघोळ केली होती का, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. म्हणालो, "मी विचारून सांगतो."

ह्या वाक्याची मला आजही शिसारी येते. मुलं वर्गात ज्या लाचार आवाजात "सर, उद्या आणतो" म्हणतात, तसाच माझा आवाज निघाला होता.

घरी येऊन फोन बायकोपुढं धरला. तू विचार, बायका बायकांत बरं दिसतं, म्हणालो. तिनं हातसुद्धा पुढं केला नाही. "मला नका देऊ तो. असलं विचारायचं असंल तर तुमच्या तोंडानं विचारा."

मग मी माझ्या तोंडानं विचारलं.

"बाई, एक विचारायचं होतं. गैरसमज नसावा. पानं लिहिताना काही अडचण नव्हती ना?"

"कसली अडचण? परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते, तेवढीच. कामून अडखळायलात सर? छपाईत काही बिघडलं का?"

"नाही, तसली नाही. बायकांची अडचण. समितीचं म्हणणं..."

पलीकडं कुकरची शिटी वाजली. बाईंनी ती थांबू दिली. मग म्हणाल्या, "सव्वा महिना बसले होते मी त्या पानांवर. आता हिशोब तुम्हीच करा. लग्न झालंय ना तुमचं?"

मी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. समितीला "नव्हती अडचण" एवढं खोटं सांगितलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. तिथं मी खरं सांगितलं. खरं बोलायचं कुठं आणि खोटं कुठं, हे मला आयुष्यात नेमकं उलटं जमत आलं आहे.

शुद्धी करायची ठरली. महाराजांनी थंड पेयाच्या जुन्या बाटलीत गोमूत्र आणलं. झाकण काढल्याबरोबर नव्या फरशीच्या त्या मंडपात वास भरला. गाईच्या गोठ्यात तो वास मला कधी नकोसा वाटला नाही, तिथं तो आपल्या जागी असतो. इथं, त्या पानांवर वाकलेली सात-आठ माणसं, कुणाच्या तोंडात पान, कुणाच्या तंबाखू, आणि मधे ती पिवळी बाटली, हे सगळंच मला ओंगळ वाटलं.

"पानं तुमी आनली, तुमीच शिंपडा," महाराजांनी तुळशीची डहाळी माझ्या हातात दिली.

"शाई पसरेल महाराज," मी म्हणालो. एवढंच, आणि तेही हळू.

अध्यक्ष हसले. "दोन थेंबानं काय व्हतंय? सर, तुमी लय भेता."

मी भितो हे खरंच होतं, फक्त शाईला नव्हे. मी डहाळी बुडवली आणि शिंपडली. आधी थेंब नुसते थरथरत उभे राहिले. मग अक्षरं फुगली. पेरणीच्या ओवीतल्या मोडांना पाय फुटले आणि ते खाली पळाले. काळ्यात पिवळं मिसळून मळकट तपकिरी ओघळ झाले. "पसरायलंय की वो," कुणीतरी म्हणालं आणि खांद्यावरच्या उपरण्यानं टिपायला गेलं. विहिरीच्या तळाचं ते अक्षर सगळ्या पानभर फासलं गेलं.

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. पोथीला ओलं लावायचं नाही हे त्यातल्या प्रत्येकाला पाळण्यातून माहीत होतं. मग अध्यक्ष म्हणाले, "जाऊ द्या. पालमचं पोरगं संगणकावर करून देतंय. चहा सांगा रे."

चहा आला. मी त्याच हातानं कप धरला आणि प्यालो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. कपाला वास येत होता आणि तरी मी प्यालो, कारण सगळे पीत होते. "मनानं वाईट नव्हती ती माणसं," असं मी पूर्वी लिहिलं असतं. आता लिहवत नाही. त्यांच्याबद्दल नाही आणि माझ्याबद्दल तर मुळीच नाही.

बाईंना दोन दिवसांनी फोन केला. थेंबही लागला नाही, नुसत्या हवेच्या ओलीनं पानं पसरली, शाई कच्ची होती, म्हणालो.

"त्या दिवशीच्या फोनचा ह्याच्याशी काही संबंध नाही ना?" त्यांनी सरळ विचारलं.

"छे, छे! तो विषय तिथंच संपला."

त्यावर त्या जे बोलल्या त्याची मी कल्पनाही केली नव्हती. "मग माझंच चुकलं सर. डिंक कमी पडला असंल. त्या दिवशी मी तुम्हाला लागेलसं बोलले, तेही मनावर घेऊ नका. परत करून देऊ का?"

ज्या बाईकडं मी तोंड वर करून बघायच्या लायकीचा नव्हतो, तिनं माझी माफी मागितली आणि मी ती घेतली. "असू द्या, होतं असं," असं मोठेपणानं म्हणालो. परत करायची गरज नाही, वेळ थोडा आहे, असंही म्हणालो.

पुस्तक निघालं. पहिली काही पानं फेटे बांधलेल्या माणसांच्या फोटोंची, त्यांत एक मी. बाईंच्या ओव्या संगणकाच्या तयार अक्षरात, चारी कोपऱ्यांना गुलाब, लग्नपत्रिकेवर असतात तसे. बाईंचं नाव कुठंच नाही. उद्घाटनाला मला शाल आणि नारळ दिला. मी तो घेतला. लोकांनी पुस्तक लाल कपड्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलं आहे. ते कुणी उघडत नाही, याचं मला बरंच वाटतं.

त्यानंतर वर्षभरानं बाईंच्या शाळेनं मला सुंदर हस्ताक्षर स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही, म्हणून गेलो. निकाल झाल्यावर एका मुलीनं बाईंना विचारलं, "बाई, घरी शाई कशी करायची?"

"त्या फंदात पडू नका गं," बाई म्हणाल्या. "विकतची आणा, पाण्यानं न पसरणारी. मी लय वर्षं घरी करायचे. पण मला शाई नीट करता येत नव्हती, आणि ते मलाच माहीत नव्हतं. एका मठाची पानं घालवून बसले. विचारा सरांना."

सगळ्या मुली माझ्याकडं वळल्या. बाई ओशाळं हसत होत्या. आणि मी मान हलवली. हो, म्हणून हलवली.

माझ्या त्या हललेल्या मानेइतकी ओंगळ गोष्ट मी त्या मंडपातही पाहिली नव्हती.

मुली मैदानावर गेल्या. बाई नळाखाली ब्रश धूत होत्या. मी दारात उभा राहिलो. "बाई, शाई कच्ची नव्हती."

"म्हणजे?"

"समितीनं ठरवलं की शुद्धी करायची. त्या फोनवरनं. मग गोमूत्र..."

नळ बंद झाला. "माझ्या पानांवर?"

"हो. समितीचं असं म्हणणं पडलं, की..."

"समितीला हात असतोय का सर? कुणाच्या हातानं?"

"माझ्या."

त्या ब्रश हातात धरून उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्या साडीवर गळत होतं. "वर्ष झालं, मी शाई केली नाही," त्या म्हणाल्या. "शाई घोटायचा दगड आणि बत्ता अंगणात ठेवून दिला. हात बिघडला माझा, असं धरून चालले होते." मग त्यांचा आवाज चढला. "आणि तुम्ही आत्ता मान हलवलीत. माझ्या पोरींसमोर."

"उद्या येऊन मुलींना सांगतो."

"उद्या कशाला? आहेत की समोर." त्यांनी खिडकीतून हाक मारली. मुली धापा टाकत परत येऊन बसल्या. बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "कारणासकट सांगायचं. अडचण-बिडचण म्हणायचं नाही. पाळी म्हणायचं. ह्यांना सगळं माहितीय." आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या.

मी वीस वर्षं वर्गापुढं उभा राहत आलो आहे. त्या दिवशी शेवटच्या बाकाकडं बघत उभा राहिलो.

"मुलींनो, बाईंची शाई चांगली होती," मी म्हणालो. "बाईंना पाळी आली असणार म्हणून त्यांच्या पानांवर गोमूत्र शिंपडलं गेलं..."

"कुणी?" मागून बाई म्हणाल्या.

"मी शिंपडलं. पानं माझ्या हातानं नासली. नंतर शाईचं खोटं मीच बाईंना सांगितलं, आणि मघाशी तुमच्यापुढं मान हलवली तेही खोटं. बाईंना मी तो फोन करायलाच नको होता. बाई, माझं चुकलं. मला माफ करा."