डॉक्टरांनी वहिनीला भीती विचारली तेव्हा

मंडळी, आज वहिनीला घेऊन परभणीला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते. उन्हाळ्यापासून तिची कंबर धरलीय. आधीच्या दवाखान्यात एक्सरे बघून "मणका झिजलाय, जपा" एवढंच सांगितलं होतं. तेव्हापासून तिनं वाकणं, चालणं सोडलंच. गोळ्या चालू होत्या, तरी दुखणं वाढतच होतं.

आजच्या डॉक्टर बाईंनी एक्सरे बघून बाजूला ठेवला आणि विचारलं, "ताई, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

वहिनी म्हणाली, "वाकले अन् मणका मोडला तर? मी जाग्यावर पडले तर लेकराचं कोण बघंल?"

आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी तिचे पाय, कंबर नीट तपासली. म्हणाल्या, "मणका मोडणार नाही. अशी झीज धडधाकट माणसांच्या एक्सरेतही दिसते. पडून राहून तुमची कंबर आखडलीय. रोज थोडं चाला. दुखेल, पण दुखलं म्हणजे काही मोडलं असं नसतं."

वहिनीनं पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी न वैतागता सांगितलं.

परत येताना चुडावा स्टेशनवर उतरलो. मी ऑटो बघायलेय तर वहिनी म्हणाली, "चालत जाऊ की. दुखायलंय, पण आता भ्या वाटंना."

हळूहळू, थांबत थांबत, पण गावापर्यंत चालत आलो. पूर्ण बरं व्हायला वेळ लागेलच.

तुमच्या घरी कुणाच्या मनात अशी भीती आहे का? डॉक्टरांपुढं ती बोलून दाखवता येते का?