गुरुवारची खूण

शेजारीपाजारी त्यांना ‘रकाने’ म्हणत. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी तर तोंडावर सांगायच्या, “ह्यांच्या ताटात भाजीला भाताकडे जायचं असेल तर आधी अर्ज करावा लागतो!” दोरीवर सदरे सदऱ्यांच्या ओळीत, मोजे जोडीजोडीने. रकाने हे हसण्यावारी नेत. लग्न केले नव्हते. एकटा जीव, त्याने ओळीत राहावे की वाकडे, कोणाला काय पडले होते?

रुग्णालयाच्या नोंदणी कचेरीत त्यांची सव्वीस वर्षे फूटपट्टीने तक्ते आखण्यात गेली होती. ही आखणी त्यांना थोरल्या बहिणीने, अक्काने, शिकवली होती. आईमागे तिनेच त्यांना वाढवले. पाटीवर लाकडी पट्टी दाबून धरायची आणि म्हणायची, “हात हलला तरी चालेल, पट्टी हलता कामा नये.”

रुग्णालयाचे संकेतस्थळ निघाले तेव्हा डॉक्टरांच्या वारांचा तक्ता करण्याचे काम ओघानेच त्यांच्याकडे आले. डावीकडे डॉक्टरांची नावे, वर आडवे सात वार, ज्या दिवशी डॉक्टर भेटणार त्या चौकटीत बरोबरची खूण. अधीक्षक म्हणाले, “रेघा काढून टाका हो, जुनाट दिसतं.” जन्मभर रेघा ओढलेल्या माणसाने साऱ्या रेघा पुसल्या. पांढऱ्या पडद्यावर खुणा चांदण्यांसारख्या सुटसुटीत दिसू लागल्या. त्यांनी कौतुकाने अक्काला फोन केला.

“आता तुझ्या हृदयाच्या डॉक्टरांचा वार मला विचारत बसू नकोस. पानावर बघ.”

“तूच केलंस ना? मग बरोबरच असणार.”

अक्काने पान पाहिले ते मोबाइलवर. दोन गाड्या बदलून ती गुरुवारी आली. हृदयाचे डॉक्टर मंगळवारी येत. गुरुवार हाडांच्या डॉक्टरांचा. दारावरच्या माणसाने तसे सांगितल्यावर ती अर्धा तास बाकावर बसली आणि परत गेली. भाऊ त्याच इमारतीत, मागच्या खोलीत होता. त्याच्याकडे मात्र ती गेली नाही. लेकीला फोनवर म्हणाली, “त्याला सांगू नकोस हं. जिवाला लावून घेईल.” पुढचा मंगळवार उजाडण्याआधी, रविवारी सकाळी, चहाचे आधण ठेवता ठेवता ती गेली.

पंधरा दिवसांनी भाचीने अक्काची गुरुवारची फेरी त्यांना सांगितली आणि आईचा मोबाइल त्यांच्यासमोर ठेवला. “मामा, आईला काय दिसलं ते तुम्हीच बघा.”

पान उघडेच होते. गुरुवारपर्यंत जायला रकान्यांनी बोटाने तक्ता सरकवला, आणि डावीकडची सगळी नावे पडद्याबाहेर गेली. उरल्या नुसत्या खुणा. कोणती खूण कोणाची, हे सांगायला ना नाव ना रेघ. अक्काचे बोट एक ओळ खाली, हाडांच्या डॉक्टरांच्या ओळीवर घसरले होते, एवढेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना गाठले. “मंगळवारी आली असती, तर?” डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “सांगता येत नाही.” ‘काही फरक पडला नसता’ असे म्हणाले असते, तर रकाने निदान रडून मोकळे झाले असते.

भाची दुकानांची संकेतस्थळे करून देई. रकाने तिच्या दारात उभे राहिले. “मला तक्ता करायला शिकव.”

“आत्ता?”

“उशीर झाला, हे मला कळतंय गं.”

ती महिनाभर त्यांच्याशी कामापुरतेच बोलली. शेजारी कुजबुजत, बहीण जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि ह्यांना शिकवणी सुचते. पहिल्याच दिवशी भाचीने विचारले, “तक्ता कोणासाठी करताय?”

“रुग्णांसाठी.”

“रुग्ण म्हणजे कोण? एक माणूस सांगा.”

“अक्का.”

“मग तिला काय हवं होतं? सात वार आणि बावीस डॉक्टर? तिला एक डॉक्टर आणि एक वार हवा होता, मामा.” बोलता बोलता ती पाणी आणायला उठून गेली.

ते पहिल्यापासून शिकले. नाव कुठेही सरकता कामा नये. लहान पडद्यावर प्रत्येक डॉक्टरची स्वतंत्र चौकट: वर नाव, खाली वार, पूर्ण शब्दांत. खूण नको. रिकामी जागा तर नकोच. डॉक्टर येत नसतील तिथे स्पष्ट ‘येत नाहीत’. आणि दोन चौकटींमध्ये रेघ, ठळक. प्रत्येक बदल ते अक्काच्या मोबाइलवर, तिच्यासारखाच एका बोटाने सरकवून तपासत. शेवटचा तक्ता भाचीने स्वतः तपासला. मोबाइल त्यांच्या हातात ठेवत म्हणाली, “हा आईला वाचता आला असता.”

नवे पान लागले त्या दिवशी अधीक्षकांनी त्यांना बोलावून घेतले. अधीक्षकांना यातले काहीच ठाऊक नव्हते. “अहो, हे काय करून ठेवलंत? रेघाच रेघा! आधीचा तक्ता किती देखणा होता. तोच परत लावा.”

रकाने उभेच होते. म्हणाले, “साहेब, त्या देखण्या तक्त्यानं माझी बहीण गेली. हा कुरूपच राहील.”