साखरेच्या गोदामातलं टेनिस

आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत एक टेनिस कोर्ट होतं, मुरूम-मातीचं, वरून शेणाने सारवलेलं. संध्याकाळी साहेब लोक तिथे तासभर खेळत. त्यांच्यासाठी कारखान्याने एक मार्कर ठेवला होता. कोर्टावर रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा मारायच्या आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर पलीकडून चेंडू परतवत राहायचं, ही मार्करची नोकरी. त्यांना आम्ही सगळी मुलं चाचा म्हणायचो. तरुणपणी ते नगरच्या लष्करी छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांशी खेळलेले. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी माझ्या हातात एका साहेबाची टाकून दिलेली रॅकेट दिली, आणि नंतरची सात वर्षं साहेब लोक नसताना, पहाटे, आम्ही दोघं खेळत आलो.

मी सोळा वर्षांची झाले त्या वर्षी दुष्काळ पडला.

माझे वडील कारखान्याच्या पाणीखात्यात होते. टँकर कधी येणार, कुठल्या नळाला किती वेळ पाणी सोडायचं, हे तेच ठरवायचे. त्यामुळे घरी आणि घराबाहेर दिवसभर त्यांच्याशी कुणी ना कुणी भांडत असे. आम्हालाही दोनच हंडे. आमच्या घरात तिसरा हंडा दिसला असता तर कॉलनीने बाबांना फाडून खाल्लं असतं.

पाण्याशिवाय कोर्ट टिकत नाही. भेगा पडतात, चेंडू कुठेही उडतो. मे महिन्याच्या अखेरीस नगरला मुलींच्या निवडीच्या मॅचेस होत्या आणि त्यातून दोघींना पुण्याच्या शिबिराला पाठवणार होते. बाबांनी सांगून ठेवलं होतं, "यंदा निवड झाली तर ठीक. नाही झाली तर रॅकेट माळ्यावर, आणि तू डी.एड.ला." ते रागावून बोलले नव्हते, म्हणूनच मला भीती वाटली.

मी अंघोळीचं पाणी परातीत साठवायला लागले. पहाटे बादलीतून कोर्टावर न्यायचे आणि बेसलाइनपुरतं शिंपडायचे. चौथ्या दिवशी मागून आवाज आला, "पानीवाल्या सायबाची पोर ना गं तू?"

पलीकडच्या वस्तीवरच्या चार-पाच बायका नळाच्या रांगेतून माझ्यामागे आल्या होत्या. पुढच्या बाईने बादलीला हात घातला.

"अंघोळीचं आहे," मी म्हणाले. "साबणाचं."

"म्हशीला चालतंय."

मी बादली सोडली नाही. दोघींच्या ओढाताणीत पाणी हिंदकळून माझ्या पायांवर सांडलं. ती ओरडली नाही. मातीत मुरणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दोन जनावरं सोडून दिली आमी. आन तू खेळायला वतती व्हय?"

मी बादली तिच्या हातात दिली आणि घरी गेले. बाबांच्या कानावर ते दुपारपर्यंत गेलंच. ते जेवताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या खुर्चीचा तरी विचार करायचा होतास." त्या आठवड्यात कोर्ट फुटलं. चाचांनी जाळी काढून गुंडाळून ठेवली.

पण दोन दिवसांनी चाचाच आमच्या दारात आले. ऊस कमी आल्यामुळे साखरेचं एक गोदाम रिकामं होतं. "फरशी सिमेंटची हाय, साहेब," ते बाबांना म्हणाले. "पानी नको, काय नको. फकस्त किल्ली पायजे." बाबांनी हातातलं टँकरचं वेळापत्रक मिटून ठेवलं. मग चप्पल घालून गोदामकीपरकडे गेले.

पत्र्याखाली भट्टीसारखी धग असायची. दोन उंच झरोक्यांतून येईल तेवढाच उजेड, जमिनीवर साखरेचा चिकटा, त्याला लागलेले मुंगळे. सिमेंटवर चेंडू उसळण्याऐवजी घसरून अंगावर येई. शिवाय माझ्या मागे चार पावलांवर भिंत. मागे सरकून चेंडूची वाट बघायची माझी सवय होती, ती इथे चालेना. रॅकेट भिंतीवर आपटून कोपरं सोलवटली.

"भिंतीला शिव्या देऊ नको," चाचा ओरडायचे. "पुढं ये. उठतानाच मार!"

तीन आठवड्यांत मी चेंडू उसळी घेत असतानाच मारायला शिकले. चाचा साठीला टेकलेले. एका दुपारी ते पलीकडे एकदम खाली बसले, तोंड पांढरंफटक. मी त्यांना उचलायला धावले, तर म्हणाले, "माझ्याकडं नको बघू. भिंतीवर शंभर मार, तवर उठतो." मी मारत राहिले आणि मोजता मोजता रडत राहिले. ऐंशीच्या पुढे ते उठले.

निवडीच्या दिवशी आम्ही तिघं पहाटेच्या एसटीने नगरला गेलो. सेमीफायनलची मॅच साडेनऊला. ती जिंकली की निवड पक्की, कारण फायनलच्या दोघी पुण्याला जाणार होत्या. बाबांना साडेबाराची एसटी गाठायची होती. चार वाजता कॉलनीत टँकर येणार होता आणि ते नसले तर नळावर डोकी फुटतील अशी परिस्थिती होती. "मॅच कुठेही असो, बाराला मी निघणार," त्यांनी सांगितलं.

समोरची मुलगी एका लष्करी अधिकाऱ्याची. पांढरेशुभ्र कपडे, दोन नव्या रॅकेट. मी आईने शिवलेल्या स्कर्टमध्ये. पहिला सेट तिने घेतला. तिच्यापेक्षा मला तिथल्या मऊ, पाणी मारलेल्या मातीनेच हरवलं. चेंडू इतका सावकाश येत होता की मी फार लवकर मारत होते. चाचा कुंपणाशी, कोर्टाकडे पाठ करून बसले होते. त्यांना बघवत नव्हतं, नुसते आवाज ऐकत होते. दुसरा सेट मी कसाबसा काढला. तिसऱ्यात तीन-पाच मागे पडले.

तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि फाटकाकडे चालू लागले. मी सर्व्हिस करायला चेंडू हातात घेऊन उभी होते आणि त्यांची पाठ बघत होते. पंच म्हणाले, "खेळा." मी चेंडू वर उडवला.

मी तो गेम कसा घेतला ते मला आठवत नाही. पुढचा आठवतो. तिचे दोन मॅच पॉइंट होते. पहिल्याला तिचाच चेंडू जाळीला लागला. दुसऱ्याला तिने खोल, माझ्या पायाशी मारला. मागे सरकायला भरपूर जागा होती, पण मी सरकले नाही. उठतानाच मारला, आणि तो तिच्या डाव्या हाताला रेषेवर पडला. पंचांनी तळवा खाली करून दाखवला, आत. त्यानंतर तिचा हात आखडला. मी सात-पाच जिंकले.

फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बाबा उभे होते. साडेबारा वाजून गेले होते.

"एसटी?" मी विचारलं.

"गेली," ते म्हणाले. "संपली का?"

"जिंकले."

त्यांनी मान हलवली आणि पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. त्या दिवशी नळावर व्हायचं तेच झालं. एका बाईचा हात मोडला. बाबांना मेमो मिळाला. त्या बाईला बघायला ते दुसऱ्या दिवशी स्वतः गेले. फायनल मी सरळ दोन सेटमध्ये हरले.

पुण्याचं शिबिर झालं. दोन वर्षांनी खेळाडू म्हणून एका सरकारी खात्यात नोकरी लागली. त्या खात्यासाठी मी गुडघा जाईपर्यंत अकरा वर्षं खेळले. जिंकले त्याहून जास्त हरले, पण पोट टेनिसवरच भरलं.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा चाचा आमच्याकडे आले होते. बाबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "खेळायचे पैसे देतात म्हणजे नवलच. ऐकलं नव्हतं कधी."

चाचांनी बशीतला चहा संपवला.

"मला देतच हुते की, साहेब," ते म्हणाले. "तीस वर्षं."

बाबा उठले. त्यांनी स्वतःच्या हाताने ते पत्र चाचांना वाचायला दिलं.