महादेवभाऊंचा मुका सिनेमा

पडद्यावर उंच टोपीवाले गोरे साहेब आले, की महादेवभाऊ मान वळवून पचकन थुंकत. हाताने सिनेमाच्या मशीनचा दांडा मात्र फिरतच असे. माणूस ढिवर, पोट तलावातल्या मासळीवर. पण बंद पडलेल्या एका तंबू-सिनेमाचं जुनं मशीन त्यांना मिळालं होतं, आणि सोबत परदेशातल्या जागतिक प्रदर्शनाची एक मुकी फीत.

आवाज महादेवभाऊच पुरवायचे. "हा पाळणा पाहा! मार्कंड्याच्या जत्रेतले शंभर याच्या पोटात मावतीन. अन् हे सडक पाहा. मानसं उभी, सडकच चालून राह्यली. आळशायचा देश!"

गोंडपिपरीच्या आमच्या शाळेत, खिडक्यांना घोंगड्या लावून, मी भरदुपारी हा खेळ ठेवला. तालुक्याचं प्रदर्शन भरवणारे एक साहेबही आले. फितीच्या शेवटी एक कुंपण होतं. आत झोपड्या, कुठल्याशा मुलखातली काळी माणसं नाचत होती आणि बाहेरून टोपीवाले त्यांच्याकडे फळं फेकत होते. साहेब खदखदून हसले. ते हसले म्हणून मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

"आपल्या प्रदर्शनात असंच कुंपण घालू," साहेब म्हणाले. "मास्तर, जवळच्या पाड्यावरचे गोंड आणा. दिवसभर नाचू देत. तुमची वर्ध्याची बदली झालीच समजा."

वर्ध्याला माझं घर होतं. मी हो म्हणालो.

फीत गुंडाळता गुंडाळता महादेवभाऊ एवढंच बोलले, "त्या कुंपनातल्या बाईनं तोंड झाकलं, मास्तर. दिसलं नाई का तुमाले?"

चार दिवसांनी मी पाड्यावर गेलो, तर महादेवभाऊ माझ्याआधीच मशीन घेऊन हजर. पाटलाच्या घरात अंधार करून खेळ चालला होता. एरवी ज्यांची जीभ टाळूला लागत नसे, ते त्या दिवशी अवाक्षर बोलत नव्हते. कुंपण आलं. एका म्हातारीने विचारलं, "कोनाच्या लग्नात नाचून राह्यले हे?"

"कोनाच्याच नाई, बाई."

"मंग सन हाये का?"

"सनबी नाई. लोकं पाह्यले येते, मनून नाचतेत."

म्हातारीने तोंड फिरवलं. लग्न नाही, सण नाही, मग नाच कशाचा, हे तिला उमगेना. मी कशाला आलोय ते पाटलाला ठाऊक होतं. त्याने मला आधी पाणी दिलं. मग म्हणाला, "येतो ना, मास्तर. पन पयले साहेबाच्या घरच्यायले आमच्या गावात कुंपन घालून बसवा. आमी सारे पाह्यले येतो. मंग तुमी आमाले पाहा."

वर्धा डोळ्यांपुढून हलत नव्हतं. गोड शब्दांत काहीतरी थाप मारता आली असती. पण साहेबांपुढे उभा राहिलो आणि त्यांचं ते हसणं आठवलं. पाटलाचा निरोप मी जसाच्या तसा सांगितला, त्यांच्या घरच्यांसकट.

बदली झाली; कुरखेड्याच्याही पलीकडे, जंगलात. निघालो त्या सकाळी महादेवभाऊ मोटारीपाशी आले. माझी ट्रंक त्यांनी स्वतः टपावर चढवली, हात झटकले आणि म्हणाले, "जा, मास्तर. आता तुमची घिन नाई येत मले."