महिपतचा कौल

महिपत बसऱ्याच्या लढाईहून परत आला तेव्हा पालीजवळच्या आमच्या वाडीने त्याला ओवाळून घरात घेतलं. त्यानंतर दोन वर्षं सगळी वाडी त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत होती. मी तर शेजारी, तेव्हा जरा जास्तच.

बघण्यासारखं होतंही. माडाची सुकी झावळ धप्पकन पडली की हा पलटणीतला गडी भरदुपारी अंगणात पालथा पडायचा, हात डोक्यावर घेऊन. पंगतीत दाराकडे पाठ करून कधी बसायचा नाही. आमच्या दोन आवारांमधल्या सामायिक दगडी गडग्यातला एक चिरा काढून त्या भोकातून माझ्या आवाराकडे टक लावून असायचा. मी म्हटलं, याचा डोळा माझ्या फणसांवर आहे. कोणी म्हणे, परमुलखातलं काहीतरी मागे लागून आलंय. कोणी म्हणे, कसलं काय, नांगर धरायला नको म्हणून सोंग.

१९२१च्या शिमग्यात पालखीला खांदा द्यायला महिपत पुढे झाला आणि मी आडवा आलो. बाधा झालेल्याचा खांदा देवीला कसा चालेल? मग देवीलाच विचारायचं ठरलं.

सकाळी गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर बाधा आहे. मग सगळा गाव मिळून उतारा देणार. डावी पडली तर काही नाही. गाऱ्हाणं झालं, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं. खांबाआड महिपतची बायको तुळसा पदर पसरून पुटपुटत होती, "उजवी दे गो आये, उजवी दे."

मी चमकलो. नवऱ्याला भूतबाधा असावी असं हिला का वाटावं? दोघांचं काहीतरी संगनमत आहे, हे मी तिथेच पक्कं केलं.

डावी कळी पडली.

"म्हंजे सोंगच व्हता!" वाडीतला सदू मोठ्याने म्हणाला आणि देवळात हशा पिकला. खांदा द्यायला महिपत मोकळा झाला होता, पण तो पायरीवर बसून ढसाढसा रडायला लागला. चार शब्द सुनावावेत म्हणून मी जवळ गेलो. त्याने वर बघितलं आणि मला माझीच लाज वाटली.

"रावजीदादा," तो म्हणाला, "भूत असता तर तुमी गावान उतरवला असता. आता माज्यातना काय उतरवायचा?"