शालूआत्याच्या छत्र्या

शालूआत्या आज पहाटे गेली. उद्या सकाळी तिच्या झाडाच्या फांद्या कापणार आहेत.

दोन्ही बातम्या बागेच्या ग्रुपवर एकाच मेसेजमध्ये आल्या. वर हात जोडलेले, खाली "आता छाटणी उरकून घेऊ."

वा. बाईला घरातून बाहेर तरी काढू द्यायचं होतं.

शालूआत्या माझ्या बाबांची बहीण. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर बागेसमोर एकटी राहायची, मजेत.

बागेत तळं आहे. काठावरच्या मोठ्या रेन ट्रीवर बगळे, रातबगळे घरटी करतात. खाली वॉकिंग ट्रॅक.

मग जे व्हायचं ते चालणाऱ्यांच्या डोक्यावर होतं.

ग्रुपचे अ‍ॅडमिन नाना एकदा चिडून म्हणाले, "बाई, रोज माझा सदरा खराब होतो."

"सदऱ्याला साबण आहे, नाना. फुटलेल्या अंड्याला काय लावू?"

तिने रेवदंड्यापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांकडून जुन्या छत्र्या गोळा केल्या. स्वतः दुरुस्त करून बागेच्या फाटकाला टांगल्या. आत जाताना घ्या, बाहेर पडताना परत लावा.

भर उन्हाळ्यात आमचं गाव छत्री उघडून फिरायला लागलं. पाहुणे हसायचे. हसू देत.

मागच्या वर्षी कोयता घेऊन माणूस आलाच.

"आजी, वरून ऑर्डर हाय."

"मग वर बघ की. कोण बसलंय?"

त्याने मान वर केली आणि नेमका कपाळावर प्रसाद मिळाला. आत्याने पदराने पुसलं, त्याला चहा पाजला. "न्हाय जमायचं आपल्याला," म्हणत तो हसत परत गेला.

आत्ता घरट्यांत अंडी आहेत. नानांना वाटतंय, म्हातारी गेली, आता खाली कोण उभं राहणार?

मी.

दिवसभर रडलेय. उद्या उजाडताच त्या झाडाला टेकून बसणार आहे.

घरातले म्हणतात, सुतकात बाहेर कुठे जातेस? सुतक आहे म्हणूनच जातेय. नाना सोवळ्याओवळ्याचे पक्के. मला उठवायचं तर हात लावावा लागेल, आणि हात लावला की घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ.

लावा हात, नाना. मी दहा दिवस मोकळी आहे. त्यानंतर पिल्लं उडेपर्यंत दुसरं कोणीतरी येईल.

ज्यांना आत्यासाठी यायचंय त्यांनी घरी येऊ नका, बागेत या.

हार नको. छत्री आणा.

आत्या, तू जा निवांत. झाडाखाली आम्ही आहोत.